विहिणींची फळी

कागोशिमा
१८ एप्रिल

तोकिएबाई,

नमस्कार. पोचले. तोमोयाच्या माझ्या वाट्याच्या अस्थीही पोचल्या. विमानात डबा मांडीवर घेऊन बसले होते, तर ती हवाईसुंदरी म्हणते, "आजी, वरच्या कप्प्यात ठेवू का?" म्हटलं, "नको गं बाई, याला उंचावरून पडायची खोड आहे." पोरगी कावरीबावरी झाली. मग उतरेपर्यंत सारखी चहा आणून देत होती.

आता भांडणाचं बोलते. तुमच्या भटजींनी माझ्या मुलाचं मरणोत्तर नाव ठेवलं, त्यात 'हिम' कशाला घुसडलं? बर्फानेच गिळला ना त्याला? उद्या कुणी बुडून मेला तर 'जलानंद' ठेवतील का हे? आणि तो फोटो! गाडीच्या लायसन्सवरचा. एक डोळा अर्धा मिटलेला, मान वाकडी. सायकल चोरताना धरल्यासारखा दिसतो. रोज सकाळी उदबत्ती लावते आणि त्याला म्हणते, "काय हे ध्यान! आई एवढी देखणी, आणि तू असा."

माझा एकुलता एक मुलगा तुम्ही घरजावई करून नेलात, मी गप्प बसले. "आई, इथला भात नुसता खाल्ला तरी चालतो," असं तो मला फोनवर म्हणाला. मी जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात भात शिजवलेली बाई, तरी तेव्हाही गप्प बसले. आता बसणार नाही.

पोलिसांचा कागद काल पुन्हा वाचला. लिहिलंय: 'डावी स्की सुटलेली, उजवी पायातच.' शेजारचा मास्तर दरवर्षी पोरांना घेऊन स्की करायला जातो. तो म्हणतो, पडलं की त्या फळ्या पायातून आपोआप सुटायलाच हव्यात, बुटाची पकड त्यासाठीच असते. मग एक सुटली आणि एक का नाही सुटली?

फोन करू नका. फोनवर तुम्ही नुसतं "हं, हं" करता आणि मी रडते, आणि फोन कंपनीवाल्यांचं फावतं. लिहून कळवा.

फुसाए


नेझुसावा, निइगाता
६ मे

फुसाएबाई,

आपलं पत्र मिळालं. अक्षर मोठं आणि शाई गडद असल्यामुळे चष्म्याशिवाय वाचता आलं, त्याबद्दल आभारी आहे.

भटजींना 'हिम'बद्दल विचारलं. ते म्हणाले, गावात सगळ्यांच्याच नावात घालतो. फोटोचं म्हणाल तर तो चिहारुने निवडला. ती म्हणते, "तो असाच दिसायचा." आईला वेगळा दिसत असेल, बायकोला असाच दिसत होता.

आपण विचारलंत म्हणून सांगते. त्या दिवशी आमच्या लॉजवरच्या पाहुण्यांना सोबत हवी होती. तोमोयाच्या स्वतःच्या स्की धार लावायला दिलेल्या. म्हणून त्याने इवाओच्या दुकानातून भाड्याने घेतल्या. इवाओ म्हणजे माझा चुलतभाऊ. उताराच्या पायथ्याशी त्याचं दुकान आहे, आणि स्की मंडळाचा अध्यक्षही तोच. मधल्या वळणावर तोमोया पडला. पडणं काही विशेष नाही, तो रोज पडायचा, पाहुणे त्यावरच खूश असायचे. डावी स्की सुटली. उजवी सुटली नाही. तिचं टोक बर्फात रुतलं आणि तिने त्याला गरकन फिरवून, लोकांना तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्याच्या खांबावर फेकलं. डोक्याला हेल्मेट होतं. मान उघडीच होती.

चिहारुने ती स्की इवाओकडून मागून आणली आणि शहरात दाखवली. कारागीर म्हणाला, "ही पकड आत गंजून बसलीय. बैल जुंपला असता तरी उघडली नसती." कधी तपासली होती? इवाओ म्हणतो, "मी हाताने पिळून बघतो. चाळीस वर्षं बघतोय." पोलीस म्हणतात, यात लिहिण्याजोगं कलम आमच्याकडे नाही. आणि गावात म्हणतात, दक्षिणेच्या माणसाला पडायची अक्कल नसते.

चिहारुचं एकच म्हणणं आहे. भाड्याच्या प्रत्येक स्कीची पकड मोसमाआधी यंत्रावर तपासावी आणि तपासल्याची तारीख स्कीवर चिकटवावी. बस. ती कुणाला तुरुंगात घाला म्हणत नाही.

मंडळाने काल निरोप पाठवला. पायथ्याशी तोमोयाच्या नावाने वाटेची राखण करणारा दगडी जिझो देव बसवतो म्हणाले. लाल टोपडं मंडळ देणार.

आपली,
तोकिए कुवाबारा


कागोशिमा
११ मे

तोकिएबाई,

जिझो? टोपडं?

माझा मुलगा चौतीस वर्षांचा घोडा होता. त्याला टोपडं घालून दगडात उभा करणार? आणि जाणारे-येणारे त्याच्यापुढे नाणं टाकून त्याच गंजक्या फळ्या पायात अडकवून वर जाणार? देवाला रखवालीला बसवायचं आणि आपण पकडीत तेल घालायचं नाही! त्या इवाओला सांगा, दगड बसवायला छातीवर जागा आहे म्हणावं, तिथे बसव.

चिहारुचं बरोबर आहे. पोरगी बोलत नाही पण बोलली की मुद्द्याचं. हा गुण कुणाचा घेतलाय देव जाणे, तुमच्याकडे तर दिसत नाही.

आता ऐका. बर्फातलं मला काही कळत नाही. आमच्याकडे आकाशातून पडते ती ज्वालामुखीची राख. ती झाडायची, शिव्या घालायच्या, पुन्हा झाडायची. पण शाळांमधलं मला कळतं. इथल्या किती शाळा हिवाळ्यात पोरांना तुमच्याकडे स्की शिकायला पाठवतात, ठाऊक आहे ना? जन्मात बर्फ न पाहिलेली पोरं! त्यांच्या पायात कोणत्या फळ्या असतात? भाड्याच्या. आणि त्या शाळांच्या स्वयंपाकघरात कोण असतं? माझ्या हाताखाली कांदे चिरून शिकलेल्या बाया.

मी प्रत्येक शाळेच्या पालकसभेत जाणार आणि एकच प्रश्न विचारणार: "पकड शेवटची कधी तपासली?" आरडाओरडा नाही, रडारड नाही. तोमोयाचा फोटो मात्र नेणार. तोच, चोरासारखा. लोक फोटो बघून आधी हसतात, मग त्यांना हसल्याची लाज वाटते, मग ते काहीही ऐकतात. करून पाहिलंय, भाजीवाल्यावर.

तुम्ही तिकडे गावात सह्या गोळा करा.

फुसाए


नेझुसावा
३० जुलै

फुसाएबाई,

उत्तराला उशीर झाला. वांगी आली होती, मग लोणची घालायची होती.

सह्या गोळा केल्या. फार नाहीत. भटजींची आहे (त्यांना 'हिम'चं मनाला लागलं असावं), डॉक्टरांची आहे, आणि बसच्या चालकाची आहे, तो गावाबाहेरचा. बाकीचे म्हणतात, "तोकिए, तू घरातली, तूच असं केलंस तर पाहुणे येतील का? आपलं पोट बर्फावर आहे." त्यांचंही चूक नाही. पोट सगळ्यांनाच आहे.

इथे सगळं ठीक आहे. यंदा लॉजवर जरा निवांतपणा आहे, गुडघ्यांना बरंच झालं. गादीचे अभ्रे उन्हात घातले.

आपण फोटो दाखवत फिरता हे चिहारुला सांगितलं. ती हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदा. नंतर बराच वेळ न्हाणीघरात होती.

तोकिए


कागोशिमा
१४ सप्टेंबर

तोकिएबाई,

लोणची झाली असतील तर आता ऐका, इकडे लढाई जिंकत आलेय!

सगळ्या पालकसभांतून प्रश्न गेला. शाळांनी सहल कंपन्यांना विचारलं, कंपन्यांनी तुमच्या मंडळाला विचारलं, आणि मंडळाने काय उत्तर दिलं माहीत आहे? "आमच्याकडे अनुभवी माणूस हाताने पिळून बघतो." हे वाक्य मी सभेत मोठ्याने वाचून दाखवलं. एक बाप उठून म्हणाला, "आमच्याकडे कपडे असे पिळतात."

आणि खरी बातमी पुढेच आहे. तेन्सुई मुलींच्या शाळेने नेझुसावाची सहल रद्द केली! अख्खी शाळा! मी त्या रात्री सणाचा लाल भात शिजवला, तोमोयापुढे ठेवला, आणि वाटीभर शोचू दारू त्याच्या नावाने मीच प्यायले, कारण तो काही पीत नव्हता. आता झोंबेल तुमच्या गावाच्या नाकाला मिरची.

तुम्ही मात्र... राग येऊ देऊ नका, आला तरी हरकत नाही. मी इथे उन्हातान्हात घरोघर फिरतेय आणि तुम्ही गादीचे अभ्रे उन्हात घालताय. 'त्यांचंही चूक नाही' म्हणे! तुमच्या पत्रांत बर्फ भरलेला असतो. तुमचा जावई नुसता जावई होता, माझा मुलगा होता, हा फरक मला कळतो. पण जरा जोर लावा की! की चुलतभावाचं तोंड दिसतं?

फुसाए


नेझुसावा
२ ऑक्टोबर

आई,

तुम्ही माझ्या आईला लिहिलेलं पत्र तिने मला दाखवलं नाही. मी चोरून वाचलं. म्हणून हेही तिला न सांगता लिहिते आहे.

तेन्सुई शाळेच्या मुली दरवर्षी आमच्याच लॉजवर उतरतात. आमचा अर्धा हिवाळा त्यांच्यावरच निघतो. सहल रद्द झाल्याचा फोन आईनेच उचलला. "बरं केलंत, पोरींची काळजी घ्या," असं म्हणाली, फोन ठेवला, आणि अंगण झाडायला गेली. अंगण सकाळीच झाडलेलं होतं.

'यंदा निवांतपणा आहे' याचा अर्थ असा, की मे महिन्यापासून मंडळ आमच्याकडे एकही पाहुणा पाठवत नाही. गावात घरोघर फिरणारी सूचनांची पाटी आमचं घर ओलांडून पुढे जाते. पूर्वी दाराशी कुणी ना कुणी मुळे, कोबी ठेवून जायचं. यंदा आम्ही भाजी विकत आणतो. सह्यांसाठी आई प्रत्येक दारी गेली. काहींनी दार उघडलंच नाही. तरी ती वाकून नमस्कार करून यायची, बंद दाराला.

आणि तोमोया तिला नुसता जावई नव्हता. तो गेल्यापासून ती स्वयंपाकघरात त्याचा चाकू कुणाला वापरू देत नाही. स्वतःही वापरत नाही. रोज धार मात्र लावते.

तुम्ही थांबावं म्हणून हे लिहीत नाही. थांबू नका. नोव्हेंबरच्या शेवटी मंडळाची सभा आहे, तिथे आमचा अर्ज मताला येणार. तेव्हा मी नसेन. मी उद्या होक्काइदोला निघते आहे, पकडी यंत्रावर तपासायचं काम शिकायला. गावात ते येणारं कुणीतरी असायला हवं, नाहीतर उद्या यंत्र आणलं तरी इवाओमामा ते हाताने पिळून बघतील.

सभेला आई एकटी असेल. तुम्हाला जमेल का?

तिला यातलं काही कळू देऊ नका.

चिहारु


कागोशिमा
९ ऑक्टोबर

तोकिएबाई,

माझं मागचं पत्र विसरा. शोचू चढलेली होती. शोचूने माझ्या हातून लिहून घेतलं.

तेन्सुई शाळेत पुन्हा जाऊन आले. मुख्याध्यापिका म्हणजे माझ्या हातची गाजरं लपवून खिडकीबाहेर टाकणारी पोरटी, आता चष्मा लावून बसलीय. तिला म्हटलं, "सहल रद्द नको करूस. अट घाल. तपासलेल्या फळ्या द्या, येतो. नाही दिल्यात, नाही येत. आणि आलात तर कुवाबारांच्याच लॉजवर उतरायचं. तिथला भात बरा असतो असं ऐकलंय." म्हणाली, विचार करते. म्हटलं, विचार कर, गाजरांचाही कर.

दुसरं म्हणजे, मला एकदा बर्फ बघायचा आहे. या वयात बघितला नाही तर राहून जाईल. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येते. का म्हणून विचारू नका. माणसाला हौस असते.

सोबत माशाच्या तळलेल्या वड्या पाठवतेय. तुम्हाला गोड लागतील, तुमच्याकडे सगळंच खारट. नाही आवडल्या तर इवाओला घाला.

फुसाए


नेझुसावा
२९ नोव्हेंबर

चिहारु,

तुझ्या आईच्या लॉजवरून लिहितेय. गुडघा फडक्यात गुंडाळलाय, तो उशीवर, मी गादीवर. घाबरू नकोस, मोडला नाही. पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुझी आई तुला कळवेल, "सभा झाली. बर्फ पडला."

सभा गावच्या सभागृहात. सगळे बाप्ये चटईवर मांडी घालून, मध्ये शेगडी, मी आणि तुझी आई दाराशी, वारा लागेल अशा जागी. इवाओ पुढे बसलेला. मला वाटलं होतं राक्षस असेल. हा तर म्हातारा, कान लाल, स्वेटरला कोपरावर रफू. त्याने उठून स्पष्ट सांगितलं, "माझ्या फळ्यांना यंत्र नको. हाताला कळतं." आणि दुकानातून आणलेली एक जोडी काढून पकड हाताने उघडून दाखवली. खरंच उघडली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी म्हटलं, "अध्यक्षमहाराज, तोमोयाने फळ्या हातात नव्हत्या घातल्या, पायात घातल्या होत्या. माझ्या पायात घाला."

"बाई, तुमचं वय काय!"

"वयाचं मी बघते, तुम्ही पायाचं बघा."

घातला बूट. अडकवली फळी. मग मी सही देणाऱ्या त्या बसवाल्या पोराला म्हटलं, आता फळीचं टोक धर आणि फिरव मला. तो नको नको म्हणत होता. शेवटी फिरवलं. मी फिरले गं, पण फळी सुटेना. मी आपली भोवऱ्यासारखी गेले ती थेट खजिनदाराच्या मांडीवर. त्याचा चहा सांडला. आधी अख्खी सभा हसली. मीही हसले. मग गुडघ्यातून जी कळ आली तिच्याने मी ओरडले, आणि हसणं बंद झालं. फळी अजून पायातच होती. खजिनदार ती काढायला ओढत होता, निघत नव्हती. त्या शांततेत सगळे माझ्या पायाकडे बघत होते. पण त्यांना माझा पाय दिसत नव्हता, एवढं मला कळलं.

तेव्हा तुझी आई उठली.

मी तिला गेली सात वर्षं ओळखते. तिने कधी आवाज चढवलेला ऐकला नव्हता. ती पुढे गेली, माझ्यापाशी गुडघे टेकून बसली, हातोडीने पकड ठोकून माझा बूट मोकळा केला, आणि मग तिथूनच म्हणाली, "तुम्हाला दगड बसवायचा ना? माझ्या डोक्यावर बसवा. मे महिन्यापासून बसवलाच आहे, वर टोपडं तेवढं घालायचं राहिलंय. मी याच गावात जन्मले. तुमच्या प्रत्येकाच्या मयताला भात शिजवला. माझ्या घरचा गेला तेव्हा तुम्ही म्हणालात, त्याला पडता येत नव्हतं. अरे, पडता न येणाऱ्यांच्याच जिवावर जगतो ना आपण? ज्यांना पडता येतं ते स्वतःच्या स्की घेऊन येतात!"

मी वड्या तळायच्या सोडून टाळ्या वाजवाव्यात असं ते भाषण होतं. पडल्या पडल्या वाजवल्याही.

तरीसुद्धा हरलो, पोरी. हात वर झाले आणि अर्ज पडला. फार फरकाने नाही, पण पडला. जिझो मात्र एकमताने पास. इवाओने कुठल्याच बाजूने हात वर केला नाही.

हाडवैद्याकडे मला कुणी न्यायचं यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले. इवाओने गाडीची किल्ली काढली. वाटेला लागलो. बर्फ पडत होता. पहिल्यांदा बघितला मी. राखेपेक्षा गप्प असतो.

मग इवाओ म्हणाला, "यंत्र आणलं, तर मीच मारला असं होईल."

मला वाटलं होतं, हा माणूस हातात सापडला की काय काय बोलायचं ते मी ठरवून आलेय. ऐनवेळी एक आठवेल तर शपथ. म्हटलं, "नाही आणलंत तरी ते तसंच राहील. आणलंत तर दुसरा कुणी मरणार नाही, एवढंच."

त्याने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी बसून राहिले. माझा गुडघा ठणकत होता, त्याची मात्र मी त्याला अधूनमधून आठवण करून देत होते.

तुझ्या आईला मी सगळं कळल्याचं बोलले नाही. तीही लपवल्याचं बोलली नाही. काल जेवताना नुसतीच म्हणाली, "वड्या गोड होत्या." म्हटलं, "भात बरा आहे." आमचं भांडण मिटलं असं समज.

तुझी सासू,
फुसाए


नेझुसावा
२१ जानेवारी

फुसाएबाई,

तुमचा गुडघा कसा आहे? इथून जाताना तुम्ही विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसून सगळ्यांना "स्की करताना पडले" असं सांगत होतात म्हणे. खजिनदाराने कळवलं.

सांगायचं बरंच आहे. मला तुमच्यासारखं रंगवून लिहिता येत नाही, समजून घ्या.

सभेनंतर इवाओने दुकानाला कुलूप लावलं. ऐन मोसमाच्या तोंडावर. गाव त्याच्या दारात जमलं, तो बाहेर येईना. मग एक दिवस कुठूनसं यंत्र गाडीत घालून घेऊन आला आणि आमच्या दाराशी उभा राहिला. आत आला नाही. बर्फातच उभा राहून म्हणाला, "तोकिए, तुझ्या लेकीला बोलाव. मला हे चालू कुठून होतं तेसुद्धा कळत नाही."

चिहारु आली. एकेक स्की लावत गेली. पास झालेली उजवीकडे, नापास डावीकडे. डावीकडचा ढीग खिडकीच्या वर गेला. इवाओ प्रत्येक नापास स्की हातात घेऊन पिळून बघायचा, उघडायची, आणि मग यंत्राकडे बघायचा. शेवटी शेवटी त्याने पिळणं सोडलं. तो ढीग त्याने झाकला नाही, हलवलाही नाही. दुकानासमोर तसाच ठेवलाय. लोक विचारतात, तो सांगतो. सगळं सांगतो, तोमोयाचं नाव घेऊन. ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं, पण तो थांबत नाही. पलीकडच्या दोन दुकानदारांनी चिहारुला येऊन विचारलं, आमच्याही बघशील का. मंडळाचा ठराव अजून व्हायचा आहे. होईल तेव्हा होईल.

जिझो बसला. टोपडं फारच लहान आलंय, कानावर अडकतं. चिहारु म्हणते, तोमोयाला टोप्या कधी बसायच्याच नाहीत.

आणि परवा तेन्सुईच्या मुली आल्या. बस आमच्या दारात थांबली. पाठोपाठ खालच्या आळीतली बाई मुळे घेऊन आली, दाराशी ठेवले, काही न बोलता गेली. मी तिला थांबवलं नाही. पण मुळे ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी मुली उतारावर गेल्या. मी जानेवारीपासून, म्हणजे गेल्या जानेवारीपासून, त्या उताराकडे गेले नव्हते. त्या दिवशी डबे घेऊन जायचं निमित्त होतं. पायथ्याशी बाकावर बसले.

फुसाएबाई, तुमच्याकडच्या मुलींना अजिबात तोल नाही. जन्मात असं पडणं पाहिलं नाही. एकीला धरायला दुसरी, दुसरीवर तिसरी, वर मास्तरीण. उतारभर नुसत्या टोप्या आणि पाय. आणि पडलं की, खट्ट. डावी सुटली. खट्ट, उजवी सुटली. प्रत्येक वेळी. मुली एकीकडे, फळ्या दुसरीकडे, आणि मास्तर त्या फळ्यांच्या मागे धावतायत. मुली बर्फात उताण्या पडून हसतायत, उठतायत, पुन्हा अडकवतायत, पुन्हा पडतायत. खट्ट, खट्ट.

मी आधी ते 'खट्ट' मनात म्हणत होते. मग तोंडाने म्हणायला लागले. मग बाकावर उभी राहिले. पोरगी पडली, फळी सुटली, की मी ओरडायचे, "शाब्बास!" दुसरी पडली, "शाब्बास!" एक मास्तरीण धावत आली, म्हणाली, "आजी, त्या पडतायत हो, त्यांना नीट चालवायला शिकवतोय आम्ही." मी म्हटलं, "चालवणं तुम्ही शिकवा. पडल्यावरचं मी बघते."

इवाओ दुकानाच्या दारात येऊन उभा होता. चिहारु त्याच्यामागे, हातात यंत्राचा पाना. आधी तिला वाटलं मी रडतेय. मग तिला कळलं, मी ओरडतेय. ती येऊन बाकावर माझ्या शेजारी चढली.

दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघी ओरडत होतो. घसा पार बसलाय, म्हणून फोन करत नाही. लिहून कळवते आहे.

तुमची विहीण,
तोकिए